एमआरआयला जाण्यापूर्वी जुनी फाइल शोधा

आमच्या ओळखीतल्या एका खालांचा डोक्याचा एमआरआय काढायचा होता. "शरीरात काही धातू बसवला आहे का?" असे विचारल्यावर त्या "नाही बेटा" म्हणाल्या आणि फॉर्मवर सही केली. आत नेताना टेक्निशियनला डोक्यावर जुन्या टाक्यांची खूण दिसली. वीस वर्षांपूर्वी मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तिथे क्लिप बसवलेली होती. खाला विसरल्या होत्या, मुलांना माहीतच नव्हते. कागद सापडेना, म्हणून सीटी स्कॅनवर काम भागवले. अल्लाहचा शुक्र, वेळेवर लक्षात आले. काही जुन्या क्लिप चुंबकाने हलू शकतात आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

एमआरआय यंत्रात प्रचंड ताकदीचे चुंबक असते. १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट ताकदवान असते आणि तपासणी नसतानाही ते चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्याने रुग्णाबरोबर आलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला.

शरीरातल्या धातूमुळे तीन गोष्टी घडू शकतात: तो खेचला जातो, तापतो किंवा चित्रावर काळा डाग पडून आजार झाकला जातो.

पण प्रत्येक धातू धोक्याचा नसतो. टायटॅनियमवर चुंबकाचा परिणाम जवळजवळ होत नाही. गुडघ्याचा बदललेला सांधा, हृदयातला स्टेंट किंवा दातांची कॅप असणाऱ्यांना बहुतेक वेळा एमआरआय करता येतो, फक्त त्या जागेचे चित्र बिघडू शकते. पेसमेकर आणि कानातले कॉक्लिअर इम्प्लांट यांच्याबाबत मात्र मॉडेल पाहूनच निर्णय होतो. हल्लीचे अनेक पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, जुने अनेक चालत नाहीत.

वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्या भावांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगावे. डॉक्टर एक्स-रे काढून खात्री करतात.

भगिनींनी हिजाबच्या पिना, विशेषतः चुंबकाच्या पिना, घरीच काढून ठेवाव्यात. दागिने, गळ्यातला किंवा दंडावरचा धातूचा तावीज, जरीचे कपडे आणि सुरमाही नको. पडद्याची काळजी वाटत असेल तर आधीच सांगा. तपासणीसाठी सुती गाऊन आणि ओढणी वापरता येते. स्त्री टेक्निशियन आहे का, हेही विचारता येते.

आज एक काम करा. अम्मी-अब्बा, दादा-दादींना जवळ बसवून विचारा, "तुमचे कोणते ऑपरेशन झाले होते? कधी, कुठे?" उत्तरे वहीत लिहा. इम्प्लांटचे कार्ड आणि डिस्चार्जचा कागद एकाच पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढा. सांगायला संकोच नको, आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. "नाही" म्हणून मोकळे होऊ नका.