चटका न जाणवणारे हात

तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसला की आपण हात झटकन मागे घेतो. वेदनेचे हे उपकार एरवी आपल्या ध्यानातही येत नाहीत. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला मात्र चटका कळत नाही. बोट भाजते, फोड येतो, आणि त्याच हाताने पुढची भाकरी थापली जाते. जखम चिघळत हाडापर्यंत जाते, बोट आखूड होते. लोक म्हणतात, ‘रोगाने बोटे झडली.’

वस्तुतः बोटे आपोआप झडत नाहीत. या रोगाचा जंतू त्वचेबरोबर नसांवर घाला घालतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकते. गुडघ्याजवळची गेली की पाऊल लुळे पडते. घोट्याजवळची गेली की तळवा बधिर होतो, मग चपलेतला खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला पटवून दिले आणि शस्त्रक्रियेने कित्येकांची वाकडी बोटे पुन्हा कामाला लावली.

१९८१ पासून बहुविध औषधोपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. पण गोळी जंतू मारते, मेलेली नस जिवंत करीत नाही. नस अधू होऊ लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाले, तर हाताची शक्ती पुष्कळदा परत येते. हे मोलाचे महिने कशात जातात? चट्टा लपवण्यात! पोरीची सोयरीक मोडेल, शेजारी काय म्हणतील, ही धास्ती. २०१९ पर्यंत तर हा रोग घटस्फोटाचे कायदेशीर कारण होता. कायदा बदलला, आपण बदललो का?

म्हणूनच माझे म्हणणे असे, की बऱ्या झालेल्या माणसाला वाकड्या बोटांवरून रोगी ठरवणे हा अन्याय आहे. त्याला हवी असते ती घराची साथ. रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ रबराची चप्पल, गरम भांडे उचलायला जाड फडके. यात अवघड ते काय? आपल्या तळव्याला काय लागले, हे त्याचे त्याला कळत नाही. संध्याकाळी दिवा जवळ धरून तो तळवा पाहणारे घरात कोणीतरी हवे.