आजारपणालाही सावड हवी



कांद्याची लागण उरकत आली. करपा आणि फुलकिड्यांवर पुढच्या वेळी बोलू. आज पिकावर नाही, पिकवणाऱ्यावर लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही वस्तीवर माणूस आजारी पडला की गाव भेटायला येतं. सफरचंदं, मोसंबी, शहाळी येतात. पहिला आठवडा ओटा रिकामा राहत नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र कोणी फिरकत नाही. आणि त्या पहिल्या आठवड्यातही ओट्यावरच्या वीस माणसांत "आजचं रात्रीचं पाणी मी भरतो" म्हणणारा एखादाच निघतो. लाईट रात्री येणार, कांदा सुकलाय, पहाटे गाईंची धार निघाली पाहिजे. आजारी घराला दुखण्याइतकाच हा घोर असतो.

आपण वाईट लोक आहोत असं नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला तेव्हा आख्खा तालुका धावला होता. एका दिवसाचं संकट आलं की आपण कमी पडत नाही. लांबलेलं आजारपण मात्र रोज थोडं थोडं खातं, त्यात धावून जायचं कधी हेच कळत नाही. त्यासाठी काहीतरी बांधलेली रीत लागते.

ती रीत आपल्याकडं आहे. माझं मत सरळ सांगतो: आजारी घराला सावड लागते. आणि सावडच लागते, उपकार नको.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. जेवढे दिवस घेतले तेवढे फेडायचे. इर्जिक वेगळी. एकानं हाक मारायची, सगळ्यांनी यायचं, काम एका दिवसात उरकायचं आणि जेवून घरी जायचं. पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर-आहुप्यापासून नाणेघाटापर्यंत, भाताची आवणी अजून कितीतरी ठिकाणी अशी एकमेकांच्या हातानं होते. पडकई तिकडचीच. डोंगरउतारावर दगडाचे बांध घालून भातखाचरं काढायची. एका घराच्यानं ते होत नाही, म्हणून काही घरांनी मिळून आधी एकाचं रान बांधायचं, मग दुसऱ्याचं. शाश्वत संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी डिंभे परिसरातल्या आदिवासी कुटुंबांबरोबर हीच जुनी रीत धरून काम केलं. २०१२ साली शाश्वतला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे जगानं ज्याचं कौतुक केलं ते आपण बागायतवाल्यांनी कधीच सोडून दिलं.

का सोडलं तेही माहीत आहे. कुकडीचं पाणी आलं, कांदा, टोमॅटो, ऊस आला, रोख पैसा आला. सगळ्यांची कामं एकाच आठवड्यात येऊ लागली. टोळ्या एकरावर उक्ती लागण करून देऊ लागल्या. म्हणून लोक म्हणतात, "पैसे टाकले की माणूस मिळतो, सावड कशाला?"

धडधाकट माणसासाठी ते खरं आहे. पण रात्री दोनला दारं धरायला टोळी येत नाही. गाय माजावर आलीय, मोटारीचा आवाज बदललाय, फवारणी आज केली नाही तर बाग हातची जाईल, हे टोळी सांगत नाही. टोमॅटोचा तोडा चुकला की माल झाडावरच लाल होतो आणि नारायणगावच्या मार्केटला त्याचा भाव पडतो. आजारपणात हात कमी पडतात, त्याहून जास्त लक्ष कमी पडतं. हात मजुरीनं मिळतात. लक्ष ठेवायला शेजारीच लागतो.

आमच्या वस्तीवरचंच सांगतो. नाव घेत नाही, तात्या म्हणू. तात्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मशिनवर चार तास, जाणं-येणं धरून अख्खा दिवस. ज्या हाताला फिस्टुला केलाय त्या हातानं जड उचलायचं नाही. म्हणजे दुधाचा कॅन बंद, कांद्याची गोणी बंद. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला ते किती जड जातं बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळं खर्चाचा भार हलका झाला. पण योजना काही धार काढायला येत नाही.

पहिले दोन महिने वस्तीनं हौसेनं केलं. मग तात्याच नको नको म्हणायला लागले. एक गाय विकली. अर्धा एकर पड टाकलं. मी म्हटलं, "तात्या, आम्ही आहोत ना." तर म्हणाले, "अरे, घेऊन घेऊन किती घ्यायचं? फेडू कुठून?"

सगळं घोडं इथं अडतं. आपला शेतकरी कामाला लाजत नाही, फुकट घ्यायला लाजतो. नुसती मदत करत राहिलं की तो आत आत जातो. मग दुखणं लपवतो, तपासणी पुढं ढकलतो, जनावर विकतो आणि लोकांना सांगतो की परवडत नव्हतं.

मग आम्ही सावडीचा हिशोब घातला. तात्यांचा हात चालत नाही, डोकं चालतं आणि अक्षर मोत्यासारखं आहे. वस्तीची वही त्यांच्याकडं दिली. कुणाची बारी कधी, कुणी कुणाकडं किती वेळ दिला, सगळं त्यात. सकाळी मंचर, नारायणगाव, आळेफाट्याला फोन लावून बाजारभाव काढायचं काम त्यांचं. महाडीबीटीवर ठिबकचे अर्ज तेच भरतात. संध्याकाळी शाळेतून आलेली पोरं त्यांच्या ओट्यावर थांबतात. बिबट्याच्या मुलखात दिवस मावळताना पोरांजवळ मोठं माणूस असणं हे कामच आहे, आईबापाला तेवढा वेळ रानात मिळतो. दोन संध्याकाळी पोरं सांभाळली की एक रात्रीचं पाणी, हा दर तात्यांनीच ठरवला. आम्ही कमी सांगत होतो, त्यांनी वाढवून घेतला. विकलेली गाय काही परत आली नाही. पण पड रान यंदा कांद्याखाली आहे.

हे आम्ही नवीन काढलेलं नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचं मर्म हेच आहे. दारू सुटलेला माणूस दुसऱ्याला हात देतो आणि त्यातून त्याची स्वतःची सुटलेली टिकते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण चालू आहे, तिथंही व्यसनातून बाहेर आलेले लोक नव्यांना उभं करतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे एकत्र येतात, बोलतात. आपल्याकडं "चला, आजारावर बोलायला बसू" म्हटलं तर कोणी येणार नाही. आपण खुरपताना बोलतो, कांदा निवडताना बोलतो. म्हणून आपला आधारगट रानातच होणार, आणि त्याचं नाव सावडच असणार.

बिबट्यामुळं आपण हे अर्धं शिकलोच आहोत. आता रात्री पाण्याला एकटं कोणी जात नाही. दोघं-तिघं, बॅटरी, काठी, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून. शेजारी सोबत आला म्हणून त्याचे उपकार झाले असं कुणाला वाटत नाही, कारण उद्या त्याच्या बारीला आपल्याला जायचंय. आजारपणाचंही तसंच आहे. साखर, बीपी, हृदय, किडनी, कॅन्सर. कुठल्या घरात कधी येईल सांगता येत नाही.

एक गोष्ट पुरुष मंडळींना टोचेल, तरी लिहितो. बापय आजारी पडला की सगळ्यांना दिसतं, कारण रान थांबतं. घरातली बाई आजारी पडली की सावड कुणाला सुचत नाही, कारण ती उठून भाकरी करतेच. खरं तर धार, शेण, खुरपणी, पाणी, स्वयंपाक आणि आजारी सासूचं अंथरूण सगळं तिच्याच अंगावर असतं. ऑपरेशन होऊन आलेल्या वहिनीला डॉक्टर सांगतात जड उचलू नका, आणि चौथ्या दिवशी हंडा तिच्याच डोक्यावर. सावडीच्या वहीत स्वयंपाक आणि आजाऱ्याची शुश्रूषा हे रानातल्या कामाच्याच दरानं लिहायचं. आमच्या वहीत त्यावर वाद झाला, शेवटी बायकांनी तो मिटवला.

आता कामाचं. सावड चालायची तर दुसऱ्याला तुमचं रान कळलं पाहिजे. म्हणून प्रत्येक घरानं एक पानाची शेतचिठ्ठी लिहून मोटारीच्या पेटीत आणि घरात ठेवावी. सगळं नीट चालू असतानाच लिहावी, आजारात सुचत नाही.

१. प्लॉटनुसार पीक, वाण, लागणीची तारीख.
२. शेवटचं खत आणि शेवटची फवारणी कधी, कशाची.
३. पाण्याची बारी, लाईटची पाळी, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या प्लॉटचा, स्टार्टरची खोड.
४. गाई किती, कुठली लाथ मारते, कुठली गाभण, डेअरीला दूध किती वाजता.
५. औषध दुकान, आडत आणि सोसायटीची देणी-घेणी, तारखेसह.
६. रात्री गाडी कुणाची, चालवणारा कोण. १०८ आहेच, पण वस्तीवरचा रस्ता दाखवायला चौकात कोण उभं राहणार तेही लिहा. सापाच्या बाबतीत हे जास्त लागतं, मण्यार-घोणस चावल्यावर रस्ता शोधायला वेळ नसतो.

दोन नियम आम्ही पाळतो. सावडीला आलेल्यानं औषधपाण्याचा सल्ला द्यायचा नाही. "अमक्याचा काढा घे, गोळ्या सोड" असं म्हणणाऱ्याला सरळ खुरपं द्यायचं. दुसरं, ज्याची केमो चालू आहे किंवा जो नुकताच ऑपरेशन होऊन आलाय त्याला फवारणीच्या जवळ येऊ द्यायचं नाही, औषध मोजायलासुद्धा नाही. "एवढंच करतो" म्हणतात, ऐकायचं नाही.

कृषी सहायक आणि कंपन्यांचे प्रतिनिधी हे पान वाचतात, त्यांनाही विनंती. तुम्ही प्लॉटवर येता, पानं उलटून बघता, शेड्यूल लिहून देता. एक प्रश्न वाढवा: "हे सगळं करणार कोण? घरात कुणाची तब्येत बरी नाही का?" ज्या घरात आठवड्याचे दोन दिवस दवाखान्यात जातात, तिथं दर तिसऱ्या दिवसाच्या फवारणीचं शेड्यूल देऊन उपयोग नाही. तिथं टोमॅटोऐवजी कमी धावपळीचं पीक सुचवा, क्षेत्र कमी करायला सांगा, कामं दोन ठरलेल्या दिवसांवर आणून द्या. हाही कृषी सल्लाच आहे.

सावडीनं किडनी बरी होत नाही. वहीवरून कुरबुरी होतात, कधी एखादा बारीला येत नाही, कधी दोन घरांचं आधीपासूनच पटत नसतं. ते चालायचंच, बांधाच्या भांडणांपेक्षा हे बरं. पण माणूस आजारी पडला म्हणून रान विकलं असं आपल्या शिवारात होऊ नये, एवढं त्यानं नक्की टळू शकतं.

कांदे निघून बराखीत पडायला अजून अडीच-तीन महिने आहेत. काढणीची घाई सुरू झाली की कुणाला वेळ नसतो, म्हणून आत्ताच वस्तीवर बसा आणि वही घाला. आणि यादी करताना पहिलं नाव आजारी माणसाचं घाला, त्याला काय लागतं म्हणून नाही, त्याला काय देता येतं ते विचारून. तुमच्याकडं सावड कशी चालते, दर काय धरता, तेही खाली लिहा. आमच्या वहीत भर पडेल.