बारा तपासण्या, चुनखडी गायब!

विरार-नालासोपाऱ्यातून गावी खताचे पैसे पाठवणाऱ्यांनो, जरा वाचा.

सोलापूर-अहिल्यानगरकडं चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. की लगेच टाक युरिया! अहो, कमी पडतंय ते लोह. ते मातीत असतं, पण चुनखडीमुळं मुळांना मिळत नाही. वर फेकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र मात्र हवेत उडतं. खरा उपाय शेणखतात मुरवलेलं हिराकस. पण स्वस्त काय? 45 किलोची युरियाची गोणी, साधारण 266 रुपयांत.

2015 पासूनच्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 तपासण्या, त्यांत चुनखडीच नाही! आजार न तपासता औषध वाटायचं, ही कसली शेतकऱ्यांची सेवा? तेरावा रकाना छापा. तोवर पैसे पाठवताना विचारा: चुनखडी किती टक्के?