हुबेहूब अवजारे आणि मूळ कारागीर

एखाद्या कारागिराने वर्षानुवर्षे खपून एक अवजार सिद्ध करावे, त्याला गिऱ्हाईक लाभू लागावे, आणि मग दुसऱ्या कोणी ते विकत आणून, खोलून, मोजून, तसेच अवजार कमी किमतीत बाजारात मांडावे, हा प्रकार उद्योगधंद्यांच्या इतिहासात नवा नाही. याला चोरी म्हणावे की स्पर्धा, हा प्रश्न मात्र जुना असूनही सुटलेला नाही. औषधे किंवा संगणक यांच्या निर्मात्यांमध्ये असा वाद उभा राहिला की वकिलांच्या आणि तज्ज्ञांच्या गर्दीत मूळ प्रश्न हरवून जातो. म्हणून तो एखाद्या लहानशा, आटोपशीर धंद्यात न्याहाळणे अधिक उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील काडतुसे पुन्हा भरण्याच्या साधनांचा धंदा हे तसे एक उदाहरण होय.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचा बंदोबस्त कडक असल्याने या छंदाची सामान्य वाचकाला ओळख असण्याचे कारण नाही. बंदुकीतून गोळी सुटल्यानंतर पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. काडतुसातील हा सर्वांत महाग भाग. पण तो पुन्हा वापरता येतो. पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणावयाची, बुडाशी नवी ठिणगी-टोपी बसवावयाची, मोजून दारू भरावयाची आणि तोंडाशी नवी गोळी बसवावयाची, एवढा हा व्यवहार. काटकसरीसाठी आणि अचूक नेमबाजीसाठी अमेरिकेतील असंख्य हौशी माणसे तो घरच्या घरी करतात. त्यांना अवजारे पुरविणाऱ्या संस्थांचा उगमही बहुधा घरगुतीच आहे. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी ‘आरसीबीएस’चा आरंभ केला, रिचर्ड ली यांनी १९५८ साली विस्कॉन्सिनमध्ये घरच्या कार्यशाळेत आपले पहिले साधन तयार केले. वादाचा विषय येथे भांडवलदारांची चैन नसून कारागिरांची कमाई आहे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

पाव मिलिमीटरचा प्रश्न

प्रत्येक वेळी गोळी झाडताना व नंतर साच्यात दाबताना पुंगळीचे पितळ पुढे सरकते आणि तिची मान लांबते. ही लांबी मर्यादेबाहेर गेली तर मान नळीच्या तोंडाशी अडकते, गोळी आवळली जाते, आणि दारू पेटल्यावर दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो. ‘२२३ रेमिंग्टन’ या प्रचलित काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच आणि कापून ठेवावयाची लांबी १.७५० इंच. फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. हे कापण्याचे काम ट्रिमर नावाचे यंत्र करते. जुन्या पद्धतीचा ट्रिमर म्हणजे हाताने फिरवावयाचा छोटा लेथच. फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस अशा संस्थांचे असे ट्रिमर शेजारी ठेवले तर ती एकाच घराण्यातील भावंडे वाटावीत. अलीकडे ड्रिलच्या यंत्राला जोडून पुंगळीच्या खांद्यावरून माप घेणारे, किंवा कापणे, आतली कड उतरविणे आणि बाहेरची बोच काढणे ही तिन्ही कामे एका दमात उरकणारे ट्रिमर आले, आणि त्यांच्यासारखी दिसणारी स्वस्त यंत्रेही पाठोपाठ आली. ‘यांनी आमचे उचलले’ ही तक्रार या धंद्यात म्हणूनच वारंवार ऐकू येते.

नक्कल नेहमीच वाईट काय?

मूळ कारागिराविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि सहानुभूती म्हणजे अर्थशास्त्र नव्हे. याच धंद्यातील एक गोष्ट पाहा. पुंगळी दाबण्याच्या साच्यावरील आटे पाऊण इंचाहून किंचित जाड, म्हणजे सात-अष्टमांश इंच व्यासाचे, आणि इंचाला चौदा असे असतात. हे माप पुढे बहुतेक साऱ्यांनीच स्वीकारले. परिणामी एका कारखान्याचा साचा दुसऱ्याच्या दाबयंत्रात बिनतक्रार बसतो, आणि गिऱ्हाईक कोणा एकाच्या दावणीला बांधले जात नाही. एकाने दुसऱ्याचे पाहून केले यातूनच हे प्रमाणीकरण साधले. आट्यांच्या मापावर एकाचीच मालकी राहती, तर हा छंद सामान्यांच्या आवाक्यात आला असता काय?

शिवाय नक्कल फुकट होत नाही. एडविन मॅन्सफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली रसायने, औषधे, इलेक्ट्रॉनिक्स व यंत्रे या उद्योगांतील ४८ नव्या उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नक्कल करण्याचा खर्च मूळ निर्मितीच्या खर्चाच्या सरासरी ६५ टक्के येतो, असे त्यांना आढळले. मात्र त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली: पेटंट घेतलेल्या यशस्वी उत्पादनांपैकीही सुमारे ६० टक्क्यांची नक्कल चार वर्षांच्या आत झाली होती. पेटंट हा तट आहे खरा, पण त्याला खिंडारे पुष्कळ. आणि ट्रिमरसारख्या मोजक्या भागांच्या अवजाराची नक्कल आजच्या संगणकचालित यंत्रांवर त्याहून पुष्कळच स्वस्तात होत असणार, हे उघड आहे.

न्यायालयाने आखलेली रेषा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत आखलेली रेषा स्पष्ट आहे. १९६४ साली सिअर्स या विक्रेत्याविरुद्ध स्टिफेल कंपनीने दिव्याच्या खांबाच्या नकलेबद्दल दावा लावला. पेटंट टिकत नसेल तर वस्तूची नक्कल करण्यास राज्याचा कायदा मनाई करू शकत नाही, असा निकाल लागला. १९८९ च्या बोनिटो बोट्स खटल्यात, होडीचा सांगाडाच साचा म्हणून वापरून नक्कल करण्यास बंदी घालणारा फ्लोरिडा राज्याचा कायदा न्यायालयाने एकमताने रद्द ठरविला. २००१ च्या ट्रॅफिक्स खटल्यात, पेटंटची मुदत संपलेला कामाचा भाग ‘आमची ओळख’ म्हणून कायमचा अडवून धरता येत नाही, असे सांगितले. सूत्र एकच: पेटंटच्या बदल्यात शोधकाने आपले ज्ञान समाजापुढे उघड करावयाचे, समाजाने त्याला अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची मक्तेदारी द्यावयाची, आणि त्यानंतर ते ज्ञान सर्वांचे.

पण १९६४ च्या निकालातील दुसरी बाजू सहसा विसरली जाते. वस्तूची नक्कल रोखता येत नसली, तरी ती कोणी बनविली याविषयी गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून निर्मात्याचे नाव वस्तूवर घालण्याची सक्ती राज्याला करता येते, असे न्यायालयाने मान्य केले. नक्कल आणि तोतयेगिरी यांतील भेद येथे आहे. दुसऱ्यासारखे अवजार करणे ही स्पर्धा. दुसऱ्याच्या नावावर ते खपविणे ही लबाडी. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, मालाचा दर्जा गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. सावध हौशी माणूस कापलेली पुंगळी व्हर्नियरने मोजून पाहील. पण पात्याचे पोलाद किती दिवस धार धरील, सुटे भाग पाच वर्षांनी मिळतील की नाही, हे त्याला चित्रावरून कळणार कसे? दिसण्यात साम्य असले की दर्जातही साम्य असेल, असे तो गृहीत धरतो, आणि फसतो.

मधली वाट

तेव्हा प्रश्न नक्कल बंद करण्याचा नाही. मूळ कारागिराला थोडी उसंत देण्याचा आहे. वीस वर्षांचे पेटंट लहान अवजाराला प्रमाणाबाहेर मोठे, मिळविण्यास महाग, आणि न्यायालयात राखावयाचे तर छोट्या कार्यशाळेचे दिवाळे काढणारे. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्या दृष्टीने असे पेटंट भिंतीवर टांगलेल्या प्रशस्तिपत्राहून फारसे मोलाचे नसते. जर्मनीने १८९१ सालीच यावर तोड काढली. तेथे उपयुक्त लहान सुधारणांची नोंदणी सखोल तपासणीशिवाय, थोड्या खर्चात होते, आणि संरक्षण आज जास्तीत जास्त दहा वर्षे मिळते. असा कायदा अमेरिकेत नाही आणि भारतातही नाही. आपल्या २००० च्या डिझाइन कायद्याचे संरक्षण वस्तूच्या रूपाला आहे, तिच्या कामाच्या युक्तीला नाही. कोल्हापूरच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या छोट्या कार्यशाळेत कोणी यंत्रात नामी सुधारणा केली, तर त्याची स्थितीही त्या अमेरिकन कारागिराहून निराळी नाही.

याला आक्षेप असा घेतला जाईल की, तपासणीवाचून हक्क वाटले तर क्षुल्लक गोष्टींवर दावे सांगणाऱ्यांचे पीक येईल. आक्षेप निराधार नाही. म्हणूनच मुदत आखूड हवी, हक्क बजावावयाचा झाल्यास त्या वेळी तपासणी सक्तीची हवी, आणि खोटा दावा लावणाऱ्यावर खर्चाचा बोजा पडावयास हवा. फ्रिट्झ मॅकलप यांनी १९५८ साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे पेटंटपद्धतीविषयी मांडलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: ती नसती तर सुरू करा असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरले असते, आणि ती आहे म्हणून मोडून टाका असे सांगणेही तितकेच बेजबाबदारपणाचे. या सावधपणातच शहाणपण आहे.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातीही काही आहे. स्वस्त वस्तू घेण्यात पाप नाही. मर्यादित पगारात संसार चालविणाऱ्याला तो उपदेश कोणी करूही नये. पण किमतीतील फरकाचा काही भाग पुढच्या सुधारणेचे बियाणे असतो. ते सगळेच यंदा दळून खाल्ले, तर पुढील हंगामात नकलाकारालाही नक्कल करण्याजोगे काही उरणार नाही. नक्कल करणाऱ्याचे पोटदेखील अखेर नवे घडविणाऱ्यावरच अवलंबून असते, हे त्यानेही विसरून चालणार नाही.