बाटलीतले पेट्रोल

जळगावच्या इच्छादेवी चौक परिसरात नोव्हेंबर 2024 मध्ये एका मोटारीत सिलिंडरमधून बेकायदा गॅस भरला जात असता भडका उडाला. गाडीतले एक कुटुंब होरपळले आणि त्यातील काही जण पुढे उपचार चालू असताना दगावले. गॅसची या घटनेने निदान धास्ती तरी घेतली गेली. पेट्रोलच्या वाट्याला तेवढेही भय येत नाही. जळगाव-धुळ्याच्या आडरस्त्यांवर किराणा दुकानाच्या फळीवर, गोडेतेलाच्या शेजारी, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले पेट्रोल ज्याने पाहिले नाही असा प्रवासी विरळाच.

पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो. वस्तुतः पेटते ती त्याची वाफ, आणि उणे 40 अंशांच्या थंडीतही ती ठिणगीसरशी पेट घेण्याइतकी सुटत असते. मग वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या खानदेशात त्या बाटलीचे काय होत असेल? ती फुगते, बूच सैल होते. हवेहून तिपटीचौपटीने जड असलेली वाफ वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतली चूल वा देवापुढचा दिवा गाठते. हवेच्या शंभर भागांत दीड भाग वाफ भडक्याला पुरते. घाबरून पाणी ओतावे, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत जळतच पसरते. अशा वेळी उपयोगी पडते ती वाळू किंवा फेस. फळीखाली वाळूची बादली मात्र आम्हांस कोठे आढळली नाही.

कायदा याबाबत मुका नाही. विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्यावाचून बाळगण्यास 1934 चा पेट्रोलियम कायदा मुभा देतो. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे, आणि ते भांडे काचेचे वा चिनीमातीचे असल्यास एक लिटरपर्यंतचे, धातूचे असल्यास 25 लिटरपर्यंतचे. प्लॅस्टिकला त्यात स्थान नाही. शेतकऱ्याच्या फवारणी यंत्राला पेट्रोल लागते आणि पंप दूर असतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर धातूचा डबा हा उतारा आहे, आणि तो जमिनीवर ठेवून भरावा. मागेल त्याच्या बाटलीत नळी सोडणारा पंपचालक शेतकऱ्याची सोय पाहत नाही, स्वतःचा गल्ला पाहतो.

हे इंधन ज्या मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यांतून इकडे येते, त्याच परिसरात 25 जानेवारी 2011 रोजी तेलाची भेसळ पाहून वाटेत थांबलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांनी मोटार पुढे नेली असती तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. बाटल्यांच्या फळ्यांवरून रोज पुढे जाणाऱ्या पुरवठा खात्याच्या आणि पोलिसांच्या गाड्यांना येत्या उन्हाळ्यापूर्वी एकदा तरी थांबण्याचा हुकूम जळगाव व धुळे येथील जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावा.