जुन्या व्हॅनचे अडखळणे : आधी निदान, मग दुरुस्ती

भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, खताच्या गोणी आणि प्रसंगी घरातील आजारी माणूस, या सर्वांची ने-आण एकाच वाहनातून करण्याची सोय मारुती व्हॅनने अनेक शेतकरी कुटुंबांना करून दिली. १९८४ साली बाजारात आलेल्या व पुढे ओम्नी या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ साली थांबले; तथापि खेड्यापाड्यांतून ती अद्याप राबत आहे. अशा वयस्क गाडीत एक तक्रार वारंवार आढळते. गाडी जागेवर उभी असताना इंजिन थरथरते व ठोके चुकविते. रस्त्याला लागताच मात्र ते बऱ्यापैकी चालते. मिस्त्री लोक यास 'मिसिंग' म्हणतात.

या दोषावर सर्रास दोन उपाय योजले जातात. कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून उभ्या गाडीची गती वाढविणे हा पहिला. आणि तेवढ्याने न भागल्यास प्लग, वायरी, पंप, कार्ब्युरेटर असे भाग अंदाजाने बदलीत जाणे हा दुसरा. पहिल्याने दोष झाकला जातो, बरा होत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते, वंगण पातळ होते आणि झीज वाढते. दुसरा उपाय म्हणजे आजार रेड्याला व औषध पखालीला. ऐन हंगामात हाती असलेला पैसा अशा रीतीने खर्चून इंजिन पूर्ववत अडखळत राहावे, यासारखे नुकसान नाही.

दोष उभ्या गाडीतच का जाणवतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ओम्नीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे व तीन सिलिंडरांचे आहे. मिनिटास ९०० फेरे होत असता प्रत्येक सिलिंडरमध्ये ४५० स्फोट होतात. त्यांतील एक सिलिंडर निकामी झाला की एक तृतीयांश काम थांबते. शिवाय त्या वेळी कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. आत जाणारे मिश्रण थोडे व इंजिनाची ओढ मोठी असते. पाटात पाण्याची धार बारीक असली म्हणजे खेकड्याच्या एका बिळानेही वाफा कोरडा राहतो. पाट तुडुंब वाहू लागला की तेच बीळ ध्यानातही येत नाही. रबरी नळीची केसाएवढी चीरही याच न्यायाने उभ्या गाडीचे मिश्रण बिघडविते आणि वेगात लपून राहते. यावरून एक ठोकताळा मिळतो. वेग वाढताच दोष नाहीसा झाला तर प्रथम हवेची गळती व मंद गतीचे जेट यांचा संशय घ्यावा. सर्व वेगांत राहिला तर ठिणगी अथवा दाब तपासावा.

तपासणी गाडी मोकळ्या जागेत, हातब्रेक लावून करावी. बंद गोठ्यात वा खोलीत इंजिन चालविल्यास विषारी वायू साचतो. प्रथम दोषी सिलिंडर कोणता ते ठरवावे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिला जादा प्लग जोडून तो इंजिनाच्या धातूला, पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर, पक्का टेकवावा आणि इंजिन सुरू करावे. चालू इंजिनाची वायर हाताने ओढू नये. जी वायर काढल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर दोषी होय. तीनही सारखेच असल्यास दोष सामायिक भागात, म्हणजे मिश्रणात किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये असण्याचा संभव अधिक.

दोषी सिलिंडरचा प्लग काढून पाहावा. तपकिरी-करडा प्लग निरोगी असतो. कोरडी काजळी जादा पेट्रोल, पेट्रोलने ओला प्लग ठिणगीचा अभाव आणि तेलकट प्लग अंतर्गत झीज सुचवितो. नंतर तो शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी बदलावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लगच दोषी. वायरीतून ठिणगी गळत असल्यास ती अंधारात दिसते.

हवेच्या गळतीसाठी रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. नळी दाबताच इंजिन सुधारले तर गळती त्याच वाटेवर आहे. चोक किंचित ओढल्याने चाल सुधारली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. २०२५ सालापर्यंत देशात बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळू लागले. उसापासून व धान्यापासून होणारे हे इथेनॉल ओलावा शोषते, जुन्या रबराला मानवत नाही आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण काहीसे विरळ करते. म्हणून बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळ्या व जेट अवश्य पाहावेत. परंतु तपासल्याविना सारा दोष इंधनावर ढकलू नये. पुढील आसनांखालीच इंजिन असल्याने पेट्रोलची गळती आढळल्यास गाडी चालवूच नये.

ठिणगी व हवा निर्दोष ठरल्यावरच दाब मोजावा. तिघांपैकी एकाचा दाब फार कमी भरल्यास त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास झडप नीट बसत नाही किंवा हेड गॅस्केट फुटले आहे. झडपांचे अंतर पुस्तिकेप्रमाणे लावल्यानेही पुष्कळदा काम भागते. इंजिन उघडण्याची पाळी याच्याही नंतरची.

अनुभवी मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. कुशल मिस्त्रीचा कान मोलाचा आहे, यात संशय नाही. परंतु तो कानही वरील क्रमानेच घडलेला असतो, आणि अंदाज चुकल्यास बिल मात्र गाडीमालकालाच भरावे लागते. यास्तव कोणताही भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे, आणि तो कशावरून ठरविला? काढलेला भाग परत मागून घ्यावा व तारखेसह वहीत नोंद ठेवावी. बैलाच्या पायात काटा रुतला असता शहाणा शेतकरी आधी खूर उचलून पाहतो. दारातील व्हॅनच्या बाबतीतही त्याने तेच करावे.