सिकलसेल आणि खुब्याचं दुखणं

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. तरी खुबा दुखू लागला की तिशीतला पेशंट 'वात असेल' म्हणत तेल चोळतो, नाहीतर इंजेक्शन घेऊन कामावर जातो. आम्ही नर्स होतो तेव्हा हेच इंजेक्शन देऊन घरी पाठवायचो.

विळ्यासारख्या वाकड्या पेशी रक्ताची वाट अडवतात. मांडीच्या हाडाचा गोळा मरतो, मग खचतो. सुरुवातीला एक्स-रे चांगला दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. म्हणून रक्त तपासून कार्ड दिलं की सरकारचं काम संपलं, हे आम्हाला मान्य नाही. मोठ्या माणसांचे खुबेही तपासा. डॉक्टरांकडे एमआरआयची चिठ्ठी मागा, लंगडायची वाट पाहू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे; प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.